ईआर तेव्हा पॉझिटिव्ह, आता निगेटिव्ह : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोन उपचारांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. स्तनातील मूळ गाठीचा रिसेप्टरचा (म्हणजे हार्मोन ज्याला चिकटते त्या पेशीतील प्रथिनाचा) अहवाल एक सांगतो, आणि काही वर्षांनी शरीरात अन्यत्र सापडलेल्या गाठीचा अहवाल दुसरेच सांगतो. अशा वेळी विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून हा अंक याच प्रश्नासाठी राखून ठेवला आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

उत्तरांत ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. हे दोन्ही पेशीच्या केंद्रकात असतात. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचे प्रथिन आहे. ते हार्मोनचे नसले तरी उपचार ठरवताना या दोघांच्या जोडीनेच तपासले जाते.

प्रश्न : आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सात वर्षांपूर्वी झाली. गाठ ईआर व पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह होती. पाच वर्षे लेट्रोझोल या हार्मोन उपचाराच्या गोळ्या घेऊन झाल्या. आता यकृतात दोन डाग दिसत आहेत आणि डॉक्टर तेथील बायोप्सी करायला सांगतात. कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक असताना आईला पुन्हा सुई का टोचायची?

उत्तर : आईची प्रकृती साथ देत असेल आणि डाग सुईच्या टप्प्यात असतील, तर बायोप्सी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ‘ठाऊक आहे’ असे लिहिता, पण जे ठाऊक आहे ते सात वर्षांपूर्वी स्तनातून काढलेल्या गाठीबद्दलचे आहे. यकृतातील डागांबद्दल आजवर कोणीही सूक्ष्मदर्शकाखाली काही पाहिलेले नाही.

पहिला मुद्दा निदानाचाच आहे. ज्या स्त्रीला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला आहे तिच्या यकृतात डाग दिसला, की तो त्याच कर्करोगाचा असेल असे सगळे गृहीत धरतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु कधी तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका निघतो, तर कधी आतड्यासारख्या वेगळ्याच अवयवातून आलेला नवा कर्करोग निघतो, आणि या दोहोंचे उपचार पूर्णपणे निराळे असतात. पेशी स्तनातून आल्या आहेत का, हे ठरवायला पेशींना रंग देऊन केलेली गाटा-थ्रीसारखी तपासणी मदतीला येते.

दुसरा मुद्दा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. मूळ गाठ आणि पसरलेली गाठ यांच्या रिसेप्टरांची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले आहेत, आणि त्यांची एकत्रित मोजदाद 2018 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार ईआरचा निकाल साधारण पाचांतील एका रुग्णात बदललेला आढळतो, पीआरचा तिघांतील एकीत आणि हर-टूचा दहांतील एकीत. हे आकडे जुन्या नोंदी चाळून काढलेल्या अभ्यासांवर बऱ्याच अंशी बेतलेले असल्याने थोडे फुगलेले असावेत, असे मला वाटते. ज्यांत ठरवून, पुढे जात जात प्रत्येक रुग्णाची बायोप्सी केली गेली अशा कॅनडा आणि ब्रिटनमधील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष 2012 साली आला. त्यात ईआरमधील बदल सुमारे 13 टक्के, पीआरमधील 31 टक्के आणि हर-टूमधील साडेपाच टक्के होता. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातील सर्वांत उपयोगी आकडा मात्र वेगळाच आहे : बायोप्सीच्या निकालामुळे सुमारे सातांपैकी एका रुग्णाची उपचारयोजना बदलली. एका सुईच्या बदल्यात इतका फरक पडत असेल, तर ती सुई फुकट गेली असे मी म्हणणार नाही.

उपचारयोजना बदलते म्हणजे काय होते, हेही पाहू. ईआर टिकून असेल तर बहुतेकदा हार्मोन उपचार आणि त्यासोबत सीडीके फोर-सिक्स ही पेशींच्या विभाजनाला चालना देणारी प्रथिने रोखणाऱ्या गोळ्या हा पहिला मार्ग असतो. केमोथेरपी पुढे ढकलता येते. ईआर खरोखरच नाहीसा झाला असेल तर त्या गोळ्यांवर महिनोन्महिने घालवण्यात अर्थ उरत नाही. हर-टू नव्याने पॉझिटिव्ह निघाले तर ट्रास्टुझुमॅबसारख्या, हर-टूवरच नेम धरणाऱ्या औषधांचे दार उघडते, आणि ते दार जुन्या अहवालाने बंद ठेवलेले असते.

यकृत झपाट्याने निकामी होत चालले असेल, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असेल, किंवा रुग्णाला आणखी उपचार नकोच असतील, तर मात्र बायोप्सीसाठी अडून बसणे योग्य नव्हे. तुमच्या पत्रावरून आईच्या बाबतीत यांपैकी काही दिसत नाही.

प्रश्न : पत्नीच्या मूळ गाठीत ईआर 90 टक्के पेशींत पॉझिटिव्ह होता. आता मणक्यातील हाडाच्या बायोप्सीत ईआर आणि पीआर दोन्ही निगेटिव्ह आले आहेत. मग पहिला अहवाल चुकीचा होता का? की कर्करोगच बदलला? आता हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, थेट केमोथेरपी घ्यावी लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

उत्तर : तुम्ही दोन शक्यता मांडल्या आहेत. तिसरीही आहे, आणि हाडाच्या बाबतीत मी तिचाच विचार आधी करतो : कर्करोग तोच असेल आणि ईआरही असेल, पण तपासणीला तो दिसला नसेल.

हाड कठीण असते, त्याचे पातळ काप घेता येत नाहीत. म्हणून तुकड्यातील चुना आधी विरघळवून काढावा लागतो. त्यासाठी घाईने काम उरकणारी तीव्र आम्ले वापरली, तर चुन्याबरोबर ज्या प्रथिनांचा आपण शोध घेत असतो त्यांचाही चेहरामोहरा बिघडतो, आणि मग रंग धरणारे प्रतिपिंड त्यांना ओळखत नाहीत. हर-टूची फिश ही डीएनएवरची तपासणी तर अशा तुकड्यावर बहुधा निकामीच ठरते. ईडीटीए नावाचे सौम्य द्रावण वापरले तर हे नुकसान बरेच टळते, पण त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून पहिले काम हे करा : हाडाचा तुकडा कोणत्या द्रावणात ठेवला होता, हे प्रयोगशाळेला विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अनेक चांगल्या प्रयोगशाळा अहवालातच ते लिहून देतात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते सांगतो, म्हणजे ‘निगेटिव्ह’ या शब्दात किती शंका दडलेली असू शकते ते ध्यानात येईल. ईआरच्या काचपट्टीवर पॉझिटिव्ह पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात आणि बाकीच्या पेशी फिक्या निळ्या. स्तनातील गाठ तपासताना मला एक मोठा आधार असतो : गाठीच्या शेजारी स्तनाच्या निरोगी नलिका असतात आणि त्यांतील काही पेशींत ईआर असतोच. त्या नलिका तपकिरी झाल्या असतील आणि गाठ निळी राहिली असेल, तर ‘निगेटिव्ह’ हा शब्द मी निर्धास्तपणे लिहितो. नलिकाही निळ्या असतील, तर दोष तपासणीचा आहे हे लगेच कळते. मणक्याच्या तुकड्यात स्तनाच्या नलिका नसतात. तिथे सगळेच निळे दिसले, तर ईआर नाही म्हणून निळे की रंग चढलाच नाही म्हणून निळे, हे त्या एका तुकड्यावरून सांगणे कठीण असते. वेगळी नियंत्रण-काचपट्टी सोबत लावली जाते, पण ती काही त्याच आम्लातून गेलेली नसते.

पहिल्या अहवालातील चूक ही शक्यता तुमच्या पत्नीच्या बाबतीत मला सर्वांत कमी वाटते. ईआर नसलेल्या गाठीत 90 टक्के केंद्रके तपकिरी दिसणे फार दुर्मीळ आहे. तपासणीतील हलगर्जीपणा सहसा उलट दिशेने, म्हणजे असलेला ईआर न दिसण्याच्या दिशेने, चुका घडवतो. काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेली नाही, किंवा त्यात सहा तासांपेक्षा कमी अथवा 72 तासांपेक्षा जास्त वेळ राहिली, तर निकाल बिघडू शकतो, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या मर्यादा नेमून दिलेल्या आहेत. जुना मेणाचा ठोकळा रुग्णालयात सांभाळून ठेवलेला असेल, तर दोन्ही तुकड्यांची तपासणी एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी पुन्हा करून घेता येते. या साध्या उपायाने कित्येक ‘बदल’ जागच्या जागी मिटतात.

आता खऱ्या बदलाकडे वळू, कारण तो होतो यात शंका नाही. मूळ गाठीत सगळ्याच पेशी सारख्या नसतात. 90 टक्के पॉझिटिव्ह असणाऱ्या गाठीतही दहा टक्के पेशी ईआरविना वाढत असतात. पाच वर्षे हार्मोन उपचार घेतले, की ज्या पेशी इस्ट्रोजेनवर जगत होत्या त्यांची उपासमार होते आणि ज्यांना त्याची गरजच नव्हती त्या मागे राहून पुढे पसरतात. त्याखेरीज, ईआर तयार करणारे जनुक शाबूत असूनही पेशी ते रासायनिक खुणांनी बंद करून ठेवू शकते. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या रुग्णनोंदींवर आधारलेल्या 2012 सालच्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीतील ईआर नाहीसा झाला अशा स्त्रियांना, ईआर टिकून राहिलेल्या स्त्रियांच्या तुलनेत मृत्यूचा धोका 48 टक्क्यांनी अधिक आढळला. सगळे बदल केवळ प्रयोगशाळेतील घोळ असते, तर रुग्णांच्या आयुर्मानात असा फरक दिसला नसता.

बायोप्सीच्या वेळी पत्नीला फुलवेस्ट्रँटची इंजेक्शने चालू होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते औषध ईआरचे प्रथिनच नष्ट करते. त्यामुळे उपचार चालू असताना घेतलेल्या तुकड्यात ईआर कमी दिसला, तर तो औषधाचा परिणामही असू शकतो.

राहिला केमोथेरपीचा प्रश्न. आजार फक्त हाडांत असेल, मूळ गाठीनंतर बरीच वर्षे गेली असतील, आणि आजार सावकाश वाढत असेल, तर हे सगळे वर्तन ईआर पॉझिटिव्ह आजाराचे आहे. अशा वेळी हाडाच्या एका निगेटिव्ह अहवालावर हार्मोन उपचारांवर काट मारायला मी तयार होणार नाही. उलट, हार्मोनच्या गोळ्या चालू असतानाच काही महिन्यांत आजार यकृतात आणि फुफ्फुसांत उसळला असेल, तर तोच अहवाल मला पटण्यासारखा वाटेल. तुमच्या डॉक्टरांसमोर हा मुद्दा याच शब्दांत मांडा, आणि शक्य असेल तर हाडाबाहेरील मऊ भागातून दुसरा तुकडा घेता येईल का, हेही विचारा.

प्रश्न : माझ्या फुफ्फुसातील गाठीत ईआर पूर्वीइतकाच आहे, पण पीआर 60 टक्क्यांवरून शून्यावर आला. अॅनास्ट्रोझोल चालू आहे. हे वाईट लक्षण समजायचे का?

उत्तर : तिन्हींमध्ये सर्वाधिक बदलणारा रिसेप्टर पीआर आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे : इस्ट्रोजेन ईआरला चिकटले, की त्यानंतर पेशी पीआर बनवते. अॅनास्ट्रोझोल शरीरातील इस्ट्रोजेनच जवळजवळ संपवते. मग पीआर न बनणे हे औषध आपले काम करत असल्याचेही चिन्ह असू शकते. अर्थात औषध चालू असताना आजार वाढला आहे, तेव्हा ईआर आणि पेशीची वाढ यांचा धागा कुठेतरी तुटला असण्याचीही शक्यता आहे, आणि पीआर नसलेल्या गाठी सरासरीने थोड्या अधिक आक्रमक असतात हेही खरे. तरीही ईआर टिकून आहे तोवर केवळ पीआरच्या शून्यामुळे हार्मोन उपचारांचा मार्ग बंद होत नाही. पुढचे औषध कोणते, हे ठरवताना मी पीआरपेक्षा आधीच्या औषधाने किती काळ साथ दिली याला अधिक वजन देईन.

प्रश्न : बहिणीची गाठ 2008 साली ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह) होती, म्हणून तिला कधीच हार्मोनची गोळी दिली नाही. आता मानेतील गाठीत ईआर पाच टक्के आला आहे. निगेटिव्हचे पॉझिटिव्ह होते का?

उत्तर : होते. पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत आधी साल पाहा. त्या काळी अनेक प्रयोगशाळा दहा टक्क्यांहून कमी पेशी रंगल्या तर गाठ निगेटिव्ह ठरवीत असत. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी 2010 साली ही रेषा एक टक्क्यावर आणली. म्हणजे 2008 साली तीन-चार टक्के पेशी रंगल्या असतील तर तेव्हा त्या गाठीला निगेटिव्ह म्हटले गेले असेल, आणि आज तीच गाठ पॉझिटिव्ह ठरेल. मूळ अहवालात टक्के लिहिले आहेत का, ते तपासा.

पुढे 2020 साली याच सूचनांत एक ते दहा टक्क्यांच्या गटाला ‘ईआर-लो’ असे वेगळे नाव दिले गेले. या गटातील बऱ्याच गाठी ट्रिपल निगेटिव्हसारख्याच वागतात आणि त्यांना हार्मोन उपचारांचा लाभ कितपत होतो याचा पुरावा तोकडा आहे. त्यामुळे पाच टक्क्यांवर विसंबून केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी टाळावी, असे मी म्हणणार नाही. मात्र पुढे कधी सौम्य उपचारांची वेळ आली, तर गोळी देऊन पाहण्याचा पर्याय आता हाताशी आहे. नाही तरी हार्मोन उपचारांचा त्रास केमोथेरपीच्या मानाने कमी असतो. म्हणून निगेटिव्हचे पॉझिटिव्ह झालेले पाहून मी लवकर संधी देतो आणि पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झालेले पाहून चटकन संधी काढून घेत नाही.

प्रश्न : मूळ गाठीत हर-टू शून्य होते, यकृतातील गाठीत एक प्लस आहे. दोन्ही निगेटिव्हच ना? मग डॉक्टर याला महत्त्व का देत आहेत?

उत्तर : काही वर्षांपूर्वीपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर ठरले असते. रंगाची प्रत शून्य ते तीन प्लस अशी मोजतात; तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, दोन प्लस आले तर फिशने खात्री करायची, बाकीचे निगेटिव्ह, असा हिशेब होता. 2022 साली ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या औषधाचा एक प्लस आणि फिश निगेटिव्ह असलेल्या दोन प्लस गाठींवरही उपयोग होतो हे सिद्ध झाले, आणि या गटाला ‘हर-टू लो’ म्हणू लागले. त्यामुळे शून्य आणि एक प्लस यांतील बारीक फरकाला अचानक मोल आले. गंमत अशी की हाच फरक डोळ्यांनी ठरवणे सर्वांत अवघड आहे. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही त्यावर मतभेद होतात. म्हणून या औषधाचा विचार करताना आजवर घेतलेल्या कोणत्याही एका तुकड्यात एक प्लस आले असेल, तर ते सहसा ग्राह्य धरले जाते.

प्रश्न : सुई टोचल्याने कर्करोग पसरतो असे आमच्या घरात सगळे म्हणतात.

उत्तर : सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, पण त्या विरळ आहेत, आणि आजार आधीच पसरलेला असताना त्याने उपचारांचा किंवा आयुष्याचा हिशेब बदलत नाही. यकृताच्या बायोप्सीत रक्तस्राव आणि फुफ्फुसाच्या बायोप्सीत छातीच्या पोकळीत हवा भरणे, हे खरे धोके आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधी सांगा.

प्रश्न : पत्नीच्या मेंदूजवळच्या गाठीची बायोप्सी धोक्याची आहे असे सांगितले. रक्ताच्या तपासणीतून किंवा स्कॅनमधून ईआर कळू शकतो का?

उत्तर : दोन्ही उपाय आहेत, पण त्यांतून कळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

इस्ट्रोजेनलाच किरणोत्सारी खूण जोडून केलेले एफईएस नावाचे पेट स्कॅन असते. त्याला अमेरिकेत 2020 साली मान्यता मिळाली. ज्या गाठींत ईआर काम करत असतो त्या उजळतात, त्यामुळे एकाच वेळी शरीरातील सर्व गाठींची पाहणी होते, आणि एक गाठ पॉझिटिव्ह तर दुसरी निगेटिव्ह आहे का हेही दिसते. बायोप्सीला हे कधीच जमत नाही. त्याच्या मर्यादा मात्र ठळक आहेत. यकृत हे द्रव्य स्वतःच शोषून घेते, त्यामुळे यकृतातील गाठी त्या उजेडात हरवतात. टॅमॉक्सिफेन किंवा फुलवेस्ट्रँट चालू असेल, तर ती औषधे ईआरची जागा अडवून बसतात आणि ईआर असलेली गाठही काळोखी दिसते. म्हणून ती बंद करून आठवडे किंवा महिने थांबावे लागते. अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल यांची अशी अडचण नसते. हे स्कॅन सगळीकडे उपलब्धही नाही.

रक्तातून तपासतात तो ईआर नव्हे, तर गाठीतून रक्तात आलेला डीएनए. त्यात ईएसआर-वन या जनुकातील बदल शोधला जातो. असा बदल झालेला ईआर इस्ट्रोजेन नसतानाही सतत चालू राहतो, त्यामुळे अॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल निष्फळ होते. हा बदल मूळ गाठीत क्वचितच असतो आणि उपचारांच्या दबावाखाली पसरलेल्या गाठींत उगवतो. काचपट्टीवर अशी गाठ ठळक तपकिरी, म्हणजे ईआर पॉझिटिव्हच दिसते; अहवाल ‘जुळतो’, पण रिसेप्टरचे वागणे पार बदललेले असते. या बदलावर उपयोगी पडणाऱ्या एलासेस्ट्रँट या गोळीला अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये मान्यता मिळाली. आजार फक्त मेंदूत असेल, तर रक्तात हा डीएनए फार कमी उतरतो, त्यामुळे रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी ती निर्णायक मानता येत नाही.

तुमच्या पत्नीच्या शरीरात मेंदूखेरीज आणखी कुठे, लसीकाग्रंथीत, त्वचेत किंवा छातीच्या पाण्यात, आजार आहे का, हे पाहणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. तिथून तुकडा किंवा पेशी मिळाल्या तर मेंदूला हात न लावता बरीच माहिती हाती येईल. मात्र मेंदूतील गाठीत हर-टू अन्य ठिकाणांच्या तुलनेत अधिक वेळा नव्याने पॉझिटिव्ह आढळते. त्यामुळे कधी शस्त्रक्रियेने ती गाठ काढावीच लागली, तर काढलेल्या गाठीवर तिन्ही तपासण्या करून घ्यायच्या आहेत हे शल्यविशारदांना शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा.